नावं बदलून म्हणा

धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाट धरलाय, आत्या माइक तोंडाशी घेऊन मान वर करून गातेय, आणि ऐकू काहीच येत नाही. माणसं अक्षता टाकताहेत, भटजी हात वर करताहेत, सगळं मुक्यानं. मग एकदम बँड सुरू होतो, तो मात्र कान फाटेस्तोवर स्पष्ट. मधल्या तेवढ्या भागाचं कुणीतरी तोंड दाबून धरल्यासारखं.

"अक्का, माझं लगीन मुकं कसं काय झालं गं?" बहिणीचा पन्हाळ्यावरनं फोन. लग्नाच्या वाढदिवसाला पाहुण्यांना दाखवायचा म्हणून तिनंच तो व्हिडिओ माझ्या चॅनेलवर चढवायला लावला होता. चॅनेल माझं म्हणजे शिकवण्याचं. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एका क्लासमध्ये मराठी शिकवते. अलंकार, वृत्तं, समास असले धडे रेकॉर्ड करून तिथं ठेवते. परीक्षा जवळ आली की पोरं बघतात, एरवी कुणी फिरकत नाही.

मी फोन ठेवून बघितलं तर साइटचा निरोप येऊन पडलेला. या व्हिडिओतल्या गाण्यावर दुसऱ्याचा मालकी हक्क आहे, म्हणून तेवढ्या भागाचा आवाज बंद केला आहे.

दुसऱ्याचा. ती मंगलाष्टकं मी लिहिली होती.

हे नीट सांगायचं तर आधी स्वतःबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखं बरंच आहे. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आईनं म्हशी सांभाळल्या. मी बी. ए. मराठी केलं तेव्हा भावकीतले एक काका म्हणाले होते, "मराठीत काय शिकायचं असतंय? येतंय की तिला मराठी." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. ते उत्तर मी बहिणीच्या लग्नात दिलं.

आमच्याकडं मंगलाष्टकं विकतची, छापील घेत नाहीत असं नाही. पण घरात लिहिणारं कुणी असेल तर नवी करायची हौस असते. त्यात वधूचं नाव गुंफायचं, वराचं गुंफायचं, दोन्ही गावं आणायची. वृत्त ठरलेलं, शार्दूलविक्रीडित. ओळीत अक्षरं मोजून एकोणीस, त्यातलं कुठलं ऱ्हस्व नि कुठलं दीर्घ हेही ठरलेलं. नाव बसलं नाही तर ओळच मोडते आणि गाणारी बाई तिथं ठेचकाळते. कसबा बावड्याच्या आमच्या घरात मी भाजी निवडत, बोटांवर मोजत, पुटपुटत आठवडाभर हिंडत होते. आई म्हणायची, "हिची कुणीतरी दृष्ट काढा."

सगळं झाल्यावर वडलांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरीचं नाव हाय. जावयाचं हाय. त्येंचं गाव हाय. मी कुठं हाय?"

"तुम्ही मांडवात असणार की."

"मांडवात सगळीच असत्यात. पोरगी कुणाची त्ये नगं व्हय सांगायला?"

मग वडलांचं नाव घालणं आलं. खरं तर घरच्या कुणाचं नाव या हकिगतीत लिहायचं नाही असं ठरवूनच मी लिहायला बसले. पण त्यांचं नाव ओळीतच आहे, त्याला माझा इलाज नाही:

आनंदा-घरची कळी उमलली दारी तुझ्या आज ही

पहिला शब्द म्हणजे आमचे वडील. वृत्ताला सुरुवातीला तीन दीर्घ अक्षरं लागतात, आणि वडलांच्या नावात नेमकी तीनच, तिन्ही दीर्घ, मधलं अनुस्वारामुळं. ते नाव त्यांच्या आत्यानं नाही, शार्दूलविक्रीडितानं ठेवलंय असं मला त्या दिवशी वाटलं. एवढी घट्ट बसलेली ओळ मी आधी कधी लिहिली नव्हती आणि नंतरही नाही.

लग्नात आत्यानं ती ओळ उचलली. वडील तेव्हा अंतरपाटाच्या मागं उभे. आयुष्य बॉयलरवर काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. ते ओरडले, "ह्यो बघा मी!" मांडव हसला, भटजी हसले, अंतरपाट हलला. व्हिडिओत ते सगळं होतं. आता वडलांचं तोंड उघडतं आणि मिटतं, एवढंच दिसत होतं.

लग्नानंतर लोक मागायला लागले. आमच्या पुतणीचं आहे, आमच्या भाच्याचं आहे, ते पाठवा की. एकेकाला पाठवत बसण्यापेक्षा मी ते शब्द माझ्या आवाजात म्हणून चॅनेलवर टाकले आणि खाली सगळ्या ओळी, माझं नाव आणि एक वाक्य लिहिलं: "सर्वांसाठी खुली आहेत. कुणीही घ्या, नावं बदलून म्हणा." तिथं परवाना निवडायचा एक रकाना होता. त्यात दोन पर्याय होते, दोन्ही सारखेच परके. आधीपासून जो निवडलेला होता तो तसाच राहू दिला.

आणि ती चालली की हो. पुढच्या हंगामात पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका कार्यालयात माझ्याच ओळी ऐकल्या, दुसऱ्याच नवरानवरीची नावं घालून. जेवताना गाणाऱ्या बाईंच्या शेजारी मुद्दाम जाऊन बसले. म्हटलं, "छान होती मंगलाष्टकं. कुणाची?"

"आमच्या मामीच्या ग्रुपवर आलेली. घ्या की जिलबी."

जिलबी घेतली. वाईट अजिबात वाटलं नव्हतं. आपलं पातेलं दुसऱ्याच्या चुलीवर बघून वाटतं तसं वाटलं. आमच्या गल्लीत कुणाच्याही कार्याला सगळ्यांची भांडी जातात, आणि प्रत्येक भांड्याच्या काठावर नाव घातलेलं असतं. ते काही देऊ नये म्हणून घातलेलं नसतं. धुऊन झाल्यावर कुठल्या दारात नेऊन ठेवायचं ते कळावं म्हणून.

आता तर पातेलं गेलं होतं, आणि वर पातेलंवालीलाच चोर ठरवलं होतं.

निरोपात दावा करणाऱ्या गाण्याचा दुवा होता. उघडला. ध्वनिमुद्रण आपल्याच कोल्हापुरातलं निघालं, स्टुडिओही मंगळवार पेठेतलाच, मी रोज शिकवते तिथून हाकेच्या अंतरावर. कीबोर्ड, बासरी, मागं घंटेचा आवाज. वधूवरांच्या नावांच्या जागी नुसतं "वधू" आणि "वर". बाकी ओळ न् ओळ माझी. खाली श्रेय दिलेलं: गायिकेचं नाव, संगीत संयोजनाचं नाव, आणि मग

शब्द: पारंपरिक

मी त्या वेळी चहात बिस्कीट बुडवत होते. पारंपरिक म्हणजे ज्याचा लिहिणारा कधीच मेला आणि कोण होता ते कुणाला आठवत नाही. बिस्कीट कपात पडलं.

त्यानंतरचे दिवस मी एका जागी धड बसले नाही. क्लासमध्ये फळ्यावर गण लिहीत होते, आणि दर ओळीनंतर हात पर्समधल्या फोनकडं जात होता. घरी भाकरी तव्यावर टाकून मी ते गाणं पुन्हा लावायची, पुन्हा खाली यायची, तोच शब्द पुन्हा वाचायची. आई म्हणाली, "किती येळा वाचलंस तर बदलणार हाय त्ये?" भाकरी करपलेली तिनंच उलटली.

आक्षेप घ्यायची सोय होती. एक अर्ज होता. त्याच्या वरच्याच ओळीत लिहिलेलं की आक्षेप चुकीचा ठरला तर तुमच्या खात्यावर कारवाई होऊ शकते, चॅनेल बंदही होऊ शकतं. म्हणजे माझे सगळे धडे. ते काही जगाच्या दृष्टीनं फार नाहीत. पण गावाकडच्या ज्या पोरांना क्लासची फी झेपत नाही ती त्याच्यावर अभ्यास करतात, आणि ते धडे म्हणजे माझ्या पदवीचं आजवर झालेलं एकमेव चीज.

मी अर्ज उघडायची आणि बंद करायची. भीती होती हे खरं, पण नुसती भीती नव्हती. एक प्रश्न सारखा टोचत होता: मी दिलं होतं काय?

वाचत सुटले. वाचलं त्यावरनं एवढं समजलं की लिहिलेल्यावर लिहिणाऱ्याचा हक्क लिहिल्याक्षणी होतो, त्यासाठी कुठं नोंदवावं लागत नाही. जुनी चाल, जुनं वृत्त, शेवटचं सावधान हे कुणा एकाचं नाही, पण त्यात बसवलेले नवे शब्द बसवणाऱ्याचेच. आणि दुसऱ्याला वापरायला दिलं तरी आपण लिहिलंय हे सांगायचा हक्क आपल्याजवळ राहतो. हे वाचून ताठ झाले. मग माझ्याच पानावर गेले आणि पुन्हा वाकले. त्या परवान्याच्या रकान्यात, मी न वाचता राहू दिलेल्या पर्यायाप्रमाणं, सगळे हक्क माझ्याकडं राखीव होते. आणि त्याच्याच खाली माझं वाक्य: कुणीही घ्या. एकाच पानावर मी हातानं दार लावलं होतं आणि तोंडानं "या की" म्हणत होते. मराठी शिकवणारी बाई मी! शब्द नेमका वापरा म्हणून पोरांच्या वह्या लाल करणारी. आणि "नावं बदलून म्हणा" लिहिताना कुणाची नावं, ते लिहायचं सुचलं नाही.

शेवटी वडीलच म्हणाले, "अर्ज मागनं भर. आधी माणूस बघू. स्टुडिओ कुठं हाय त्येचा?"

"त्यानं काय होणार आबा? हे सगळं यंत्रावर चालतं."

"यंत्रावर मी आयुष्य काढलंय. यंत्राम्होरं माणूस बसलेला असतोय. चल."

स्टुडिओ म्हणजे फोटोफ्रेमच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना गादीसारखं काहीतरी ठोकलेलं. चालवणारा पस्तिशीचा गडी, हसरा, आम्हाला बघून उठलाच.

"या मामा, या ताई. लगीन कुणाचं?"

"लगीन झालंय," वडील टेकत म्हणाले. "मुकं झालंय."

मी सगळं सांगितलं. फार पुस्तकी बोलले असणार, कारण तो मध्येच वडलांकडं बघत होता. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"ते व्हय! ते लई चाललंय ताई आपलं. थांबा, ऐकवतो."

"ऐकलंय," मी म्हटलं, पण त्यानं लावलंच. मोठ्या स्पीकरवर बासरी सुरू झाली. दुसऱ्या कडव्यात गायिकेनं आवाज चढवला: आनंदा-घरची...

"ह्यो बघा मी!" वडील ओरडले.

गड्यानं दचकून गाणं थांबवलं. "काय झालं मामा?"

"आनंदा. मी त्यो." वडलांनी खिशातनं कारखान्याचं जुनं ओळखपत्र काढलं. कुठंही जाताना ते जवळ ठेवतात, अजून. "वाचा की पावणं. लाजू नगासा."

त्यानं वाचलं. ओळखपत्राकडं, मग पडद्यावरच्या शब्दांकडं, मग वडलांकडं बघितलं. "आयला," तो म्हणाला आणि मग माझ्याकडं वळून, "सॉरी ताई. मला वाटलं, आनंदाचं घर. म्हंजी सुखाचं. भारी वाटलं म्हणून तेवढं ठेवलं. बाकीची नावं काढली की मी."

"काढली आणि वधू-वर घातलंत. तिथं वृत्त मोडलंय. तुमच्या बाईंनी ओढून ताणून भरलंय ते."

"व्हय, त्या म्हणत हुत्या की हितं दम पुरंना." त्यानं कबूल केलं, आणि मग फोन काढून माझ्यापुढं धरला. "पन ताई, मला आलं त्येच्यात काय लिवलंय बघा."

पुढं पाठवत पाठवत आलेला मजकूर होता. वर माझी मंगलाष्टकं. तळाला माझं वाक्य, जसंच्या तसं: सर्वांसाठी खुली आहेत. कुणीही घ्या, नावं बदलून म्हणा.

"आमी बदलली," तो म्हणाला.

"वधूवरांची बदला म्हटलं होतं. माझं कुठं गेलं?"

"तुमचं न्हवतंच की ह्यात. वाटंत कुणीतरी तेबी बदललं आसंल."

वडील हसले. मला त्यांचा राग आला. बोट फिरवून फिरवून बघितलं तरी त्या मजकुरात माझं नाव नव्हतं. वाक्य टिकलं होतं, वाक्य लिहिणारी गळून गेली होती.

"मग पारंपरिक कशाला लिहिलंत?"

"अज्ञात लिवणार हुतो. पन अज्ञात म्हंजी बेवारस वाटतंय ओ. पारंपरिकला कसा एक मान हाय." तो हे मनापासून म्हणत होता. त्यानं मला मान दिला होता. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

दाव्याचं विचारलं तर त्यानं गळ्याला हात लावला. "शप्पत, मी केला न्हाय. गाणी चढवायला एक कंपनी हाय मुंबईची. त्येंचं यंत्र दिवसभर हुडकत बसतंय, कुठं सारखं वाजतंय बघत. तुमच्या बहिणीचं लगीन घावलं त्येला. मी त्यास्नी आजच कळवतो. पन आक्षेप तुमालाच घ्यायला लागंल, तुमी म्हणल्याबिगर ते हलत न्हाईत."

मी वडलांकडं बघितलं. यंत्राम्होरचा माणूस निघाला होता, पण इथं नाही, मुंबईत. वडील ओळखपत्र परत खिशात घालत होते.

"आनि तुमचं नाव घालतो की ताई आत्ताच. सौजन्य म्हणून घालू?"

"सौजन्य नको."

"का ओ? मोठ्ठ्या अक्षरात घालतो."

"सौजन्य म्हणजे बोर्डाचे पैसे देणारा. आपल्याकडं चौकात बघा, वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड लागला की खाली सौजन्य कुणाचं असतं? उद्या गल्लीतली मंडळं माझ्या दारात पावतीपुस्तक घेऊन येतील. शब्द. शब्द म्हणून घाला. पुढं माझं नाव."

त्यानं कागद पुढं सरकवला. मी नाव लिहिलं. वडलांनी मान लांब करून वाचलं. "मधलं नाव घाल की," ते म्हणाले. "माझं."

घातलं.

घरी येऊन अर्ज उघडला, आणि या वेळी बंद केला नाही. आई शेजारी बसली होती, वडील येरझाऱ्या घालत होते; आमच्या घरात एकाची अस्वस्थता सगळ्यांना लागते. या कृतीचे मूळ निर्माते आपण आहात काय? होय. पुरावा? मी लिहिलं की दुसऱ्या कडव्यातल्या तिसऱ्या ओळीचा पहिला शब्द सगळ्यांना साधा शब्द वाटतो, पण ते माझ्या वडलांचं नाव आहे, दावेदाराच्या ध्वनिमुद्रणात तो शब्द तसाच आहे, आणि तुम्ही बंद केलेल्या आवाजात माझे वडील स्वतः ओरडून तसं सांगताहेत, तो भाग ऐकावा. नावाला दोनच चौकोन होते, पहिलं नाव आणि आडनाव. मधल्या नावाला जागाच नव्हती. वडील मागनं बघत होते. मी पहिल्याच चौकोनात दोन्ही नावं दाटीवाटीनं बसवली आणि बटण दाबलं.

मग वाट बघणं. चॅनेल जातं की राहतं, या धास्तीनं मी धडे एकेक करून पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, आणि त्याच बैठकीत चॅनेलवरचं वाक्यही बदलायला घेतलं. वधूवरांची नावं बदला, माझं ठेवा. फार कोरडं वाटलं. कृपया कवयित्रीचं नाव वगळू नये. हे सरकारी. वडलांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "आनि माझं? दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात तिचा बा हुबा असतोय, आनि नाव माझं? तेबी बदला म्हणून लिव." दारापर्यंत गेले आणि परत आले. "न्हायतर ऱ्हाऊ दे. कुणाला कळतंय." ते वाक्य अजून माझ्या मनासारखं झालेलं नाही. दर थोड्या दिवसांनी बदलते.

निकाल आला तो असा: दावा मागे घेण्यात आला आहे. एवढीच ओळ. गाणं कुणाचं आहे ते त्यात नव्हतं. बहिणीला फोन लावला, तिनं पन्हाळ्यावर व्हिडिओ चालू केला, आणि फोनमधनं मला आधी आत्या ऐकू आली, मग वडील, मग सगळा मांडव हसताना, आणि त्याच्यावर बहीण हसताना.

मी मात्र तिचं हसू पुरतं संपायच्या आत स्टुडिओच्या गाण्यावर गेले. खाली आले. गडी शब्दाला जागला होता. शब्द, त्यापुढं माझं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, एकही काना-मात्रा चुकलेली नाही. आणि त्याच्यापुढं, कंसात, पारंपरिक.

वडलांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. "नाव हाय न्हवं? मधी मीबी हाय. मंग?"

"कंसात बघा."

"त्येला दोन्ही बाजूनं कुपाण घातलंय की. आत पडलंय, तुला काय करतंय?"

आई म्हणाली, "आता जेवा." ताटं वाढलेली होती. मी फोन लावला. पलीकडं मागं कुणाची तरी बासरी चालू होती.

"बोला ताई! बघितलं काय?"

"बघितलं पावणं," मी म्हटलं. "एक शब्द जादा झालाय."